नग एक, वर्णन मुलगी

माझ्या अंगावर कुठे काय खूण आहे, असं मला आज कुणी विचारलं तर चटकन सांगता यायचं नाही. डाव्या गुडघ्यावरची खरचट कधीची, कपाळावरचा टिकलीएवढा खड्डा कांजिण्यांचा की पडल्याचा, कोणास ठाऊक. पण एका माणसाला हे सगळं तोंडपाठ होतं, तेही तारखेनिशी. तो माझा मामा नव्हता, काका नव्हता. तो कोर्टाचा बेलिफ होता.

बेलिफ म्हणजे कोर्टाचा हुकूम घेऊन दारात उभा राहणारा माणूस. जप्ती करायची, भांडीकुंडी मोजायची, गोठ्यातून बैल सोडून न्यायचे, हे त्यांचं काम. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की बायका पितळेची घागर शेजारणीकडे सरकवायच्या. अशा माणसाच्या हवाली कोर्टाने मला केलं होतं. मी सात वर्षांची होते.

वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. दुष्काळातले, सुकडी खाऊन काढलेले दिवस नुकतेच सरले होते. माय कारंज्याला दवाखान्यात नर्स, बा किन्हीराजाला शेतकरी. कुणी कुणाला मारलं नव्हतं, कुणी दारू पीत नव्हतं. बा म्हणे नोकरी सोड आन् घरी ये, माय म्हणे शिकली ते चुलीत घालाले नाई. दोघंही हट्टाला पेटलेले. शेवटी कोर्टात तडजोड झाली. मी मायजवळ राहायचं. महिन्यातून दोनदा शनिवारी दुपारी बापाकडे जायचं, रविवारी संध्याकाळी परत यायचं. देणं-घेणं कारंज्याच्या एस.टी. स्टँडवर, बेलिफासमक्ष. कारण मायबाप एकमेकांच्या तोंडाकडे बघायला तयार नव्हते.

आता मुलगी कशी द्यायची-घ्यायची, याचा छापील कागद कोर्टात नव्हता. आमच्या बेलिफमामांनी मग आपला जुनाच कागद काढला, जप्तीच्या मालाचा. त्यावर रकाने होते. मामांनी पहिल्या दिवशी स्टँडच्या बाकावर बसून लिहिलं: वर्णन, मुलगी. नग, एक. अंदाजे किंमत या रकान्यावर पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या. मग स्वतःच्या मनाने कडेला एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: ओळखीची खूण.

"येन्या दोन," ते मोठ्याने बोलत लिहायचे. "रिबिनी लाल. फ्रॉक निया, एक गुंडी तुटेल. डाव्या गुडघ्यावर खरचट. कपायावर खड्डा. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणायची. मला काय, मजा वाटे. मायच्या मात्र अंगावर काटा यायचा. "माही पोरगी काय गंज हाय का बगोनं?" असं ती एकदा म्हणाली. गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं.

"गंज हरपला तर नवा भेटते, बाई," मामा म्हणाले. "म्हनूनच लिहून राह्यलो."

पेन्सिल जांभळी असायची, कोर्टाची. तिचं टोक जिभेवर ओलं करून लिहायचं. त्यामुळे मामांची जीभ कायम जांभळी. बोलताना ती दिसली की मला वाटे, या माणसाच्या पोटातसुद्धा शाई असणार. खाकी कोट, कातड्याची पिशवी, कमरेला साखळीचं घड्याळ. पिशवीत फुटाणे आणि पाण्याची बाटली. दोन्ही बाजूंचा चहा त्यांना वर्ज्य होता. बा एकदा उसाचा रस घेऊन आला तर म्हणाले, "तुमचा रस पेलो तर तिकडचा चहा बी प्या लागते. मंग माह्यं पोट कोनाच्या बाजूनं?"

त्यांचे नियमही जप्तीचेच होते. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातात माल थेट द्यायचा नाही, मधे बेलिफाचा हात पाहिजे. म्हणजे मायने माझा हात मामांच्या हातात द्यायचा, मामांनी बाच्या. त्या दोन हातांमध्ये मी क्षणभर कोर्टाच्या ताब्यात असायची. मामांचा हात खरखरीत आणि कोरडा होता. ते दाबून धरत नसत, पण सुटायचंही नाही.

आणि दोन पंच लागायचे. एक गोळ्या-बिस्किटवाला, दुसरा चांभार, दोघेही स्टँडवरचे. गोळीवाल्याने एकदा कौतुकाने माझा गाल ओढून विचारलं, "सांग वं, तुले माय आवडते का बा?"

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. "पंच, तुमी पंच हा. हा सवाल तुमी कराचा नाई. जजनं बी कराचा नाई." आणि गोळीवाल्याची पंचगिरी गेली. त्याच्या जागी संत्रेवाली बाई आली, ती अंगठा द्यायची. गोळीवाला महिनाभर तोंड फुगवून बसला होता.

घरी या माणसाला सहा पोरं होती म्हणे. कोण कितवीत आहे ते बायकोला विचारावं लागे. माझी तुटलेली गुंडी मात्र त्यांना तीन महिन्यांनी आठवे. "गुंडी लावली वाट्टे," असं मायला म्हणत आणि तेही लिहीत.

एकदा बाने बाजारातून मला झालरीचा गुलाबी फ्रॉक घेतला. रविवारी मी तो घालून मिरवत उतरले. मामांनी यादी काढली. "निया फ्रॉक दिला होता. तो घाला. हा येगळ्या ओयीत लिहतो." बाचा पारा चढला. "माह्या पोरीले मी कपडा घेऊ नाई का?"

"घ्या ना, दहा घ्या. पर अंगावर घालून देऊ नका. हा पाहून तिची माय ह्याहून भारी घेईन, मंग तुमी त्याहून भारी. पोट्टी राहीन बाजूले."

मी बायकांच्या खोलीत जाऊन रडत रडत निळा फ्रॉक घातला. त्या दिवशी मला हा माणूस अजिबात आवडला नाही. बाला तर नाहीच नाही.

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. जप्तीच्या वेळी घरचं कुणी आडवं आलं तर बेलिफ तिथे लिहितो: ताब्यास हरकत, अमक्याची. आता माझ्या बाबतीत आडवं कोण येणार? मीच. शनिवारी मी मायचा पदर सोडायची नाही. रविवारी बाचं धोतर सोडायची नाही. खोटं कशाला सांगू, भोकाड पसरायची, स्टँडवरची माणसं गोळा व्हायची. मामा मला कधी ओढत नसत. घड्याळ काढून उभे राहत. मी दमून हात सैल केला की वेळ बघत आणि लिहीत: ताबा देताना हरकत, मुलीची. वेळ, आठ मिनिटे.

या कागदाच्या दोन प्रती व्हायच्या, मधे कार्बन. एक कोर्टाला, एक देणाऱ्याला. म्हणजे शनिवारची प्रत मायला, रविवारची बाला. बाला सहीपुरतंच लिहिता येई. तो रविवारचा कागद खिशात घालून एकटा गावी जायचा आणि पंधरा दिवसांनी मी बसमध्ये शेजारी बसले की घामाने मऊ झालेली ती घडी काढायचा. "वाच वं, काय लिहलं त्या बाप्पानं."

मी वाचायची. येन्या दोन. रिबिनी लाल. हरकत मुलीची, वडिलांना सोडताना, आठ मिनिटे.

"आठ?" बा म्हणायचा. मग किन्हीराजा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा.

हे असं दोन वर्षं चाललं. आणि मग आजीने ते केलं.

आजी म्हणजे बाची माय. त्या घरात मी यादी मोठ्याने म्हणून दाखवायची, कविता म्हणावी तशी. आजी ऐकायची. तिच्या डोक्यात काय शिजत होतं ते कुणालाच कळलं नाही. एका उन्हाळ्यातल्या शनिवारी बा गुरं घेऊन गावाबाहेर आखरावर गेला होता. अंगणात गोंदणारीण बसली होती. आजीने मला मांडीवर घेतलं आणि माझं उजवं मनगट धरलं.

"कोर्टाच्या कागदात साऱ्या खुना तुह्या मायच्या घरच्या," ती म्हणाली. "गुडघा तिथं फुटला, कपाय तिथलं. आपल्या घरची एक बी नाई. उद्या जज म्हनीन, हे पोट्टी या घरची नोहेच. मंग आमी काय दाखवाव?"

तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, वाटीत काळं पाणी. मी ओरडले. आजी माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबून म्हणाली, "रडू नको वं. आपून दीक्षा घेतली, मले का समजत नाई? देव नाई गोंदून राह्यली. पिंपयाचं पान गोंदून राह्यली. तुह्या मायले बी आवडीन पाह्य."

तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला आज कळतं. छप्पन साली ती सगळ्यांबरोबर ट्रकमध्ये बसून नागपूरला गेली होती. परत येऊन देव्हारा तिने स्वतःच्या हाताने उचलला होता. पण अंगावर खूण असली की माणूस आपलं, हे तिच्या हाडात होतं. आणि मायने तर शपथ घेतली होती, पोरीच्या अंगावर सुई लागू द्यायची नाही. तिच्या लहानपणी तिचं कपाळ असंच धरून गोंदलं होतं. दवाखान्यात डॉक्टर त्या हिरव्या ठिपक्यांकडे बघायचे ते तिला सहन होत नसे.

संध्याकाळी बा आला. माझा हात मनगटापासून सुजला होता. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "माह्ये रविवार गेले."

तेव्हा मला कळलं की काय झालंय. हात दुखत होता ते मी विसरूनच गेले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बाने आपला रुमाल माझ्या हाताला गुंडाळला. स्टँडवर माय अजून आली नव्हती, दवाखान्यात अडकली होती. मामा बाकावर यादी घेऊन बसले होते. मी धावत गेले.

"मामा, हात लिहू नका."

त्यांनी रुमाल सोडला. बघत राहिले. जांभळी जीभ ओठांवर तशीच थांबली.

"लिहू नका ना मामा. माय मले जाऊ देनार नाई. बाच्या घरी कधीच जाऊ देनार नाई."

"कोन केलं?" त्यांनी बाला विचारलं.

"माह्या मायनं."

"काहून?"

बाने मान खाली घालून आजीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मामांनी यादीकडे पाहिलं. त्या कडेच्या रकान्याकडे, जो त्यांनी स्वतः आखला होता. "ह्या रकान्यापाई?" ते हळू बोलले. मग पेन्सिल बाकावर ठेवली. मला वाटलं, आता नाही लिहीत. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा कोट धरला.

आणि त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि लिहायला लागले.

मी ती पेन्सिल हिसकावली. बाकाच्या कडेवर आपटून टोक मोडलं आणि फेकली. "तुमी वाईट हा! लय वाईट हा तुमी!" संत्रेवाली तोंडाला पदर लावून बघत राहिली. बा मला आवरायला पुढे आला तर मामांनी हातानेच त्याला थांबवलं. ते वाकले, पेन्सिल उचलली, पिशवीतून पातं काढलं आणि शांतपणे टोक केलं. मग लिहिलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचलं: "ताबा देताना हरकत, मुलीची. बेलिफाविरुद्ध."

माय आली. तिने हात पाहिला. तिच्या कपाळावरचे ठिपके मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसले. दोन वर्षांत ती बाशी बोलली नव्हती, ती आता बोलली. "कोर्टातच भेटू," एवढंच.

कोर्टाच्या तारखेआधीचे दोन्ही रविवार गेले. माय हाताला मलम लावताना ओठ घट्ट मिटून बसायची. मी विचारलं, "बाच्या घरी कधी?" ती म्हणाली, "त्याईनं हात लावू देला, आता कधीच नाई." आणि मग मलमाची डबी बंद करता करता तीच रडली.

कोर्टात मायच्या वकिलाने माझा हात वर करून दाखवला, भेटी बंद करा म्हणाला. मग त्याने शनिवारच्या प्रतींचा गठ्ठा ठेवला. "पाहा साहेब, दर वेळी मुलगी आईला सोडत नाही. कोर्टाच्याच माणसाने लिहिलंय." बाचा वकील उठला. त्याने रविवारचा गठ्ठा ठेवला. "साहेब, मुलगी बापाला सोडत नाही. कोर्टाच्याच माणसाने लिहिलंय." दोघंही एकाच माणसाच्या अक्षरावर भांडत होते. माणसं हसली. जजसाहेब हसले नाहीत.

"मग मुलीलाच विचारू," मायचा वकील म्हणाला आणि माझ्यापुढे वाकला. "बाळ, घाबरू नकोस. तुला कोण हवं?"

उजवीकडे माय, डावीकडे बा. दोघंही माझ्याकडे असे बघत होते की मला तिथेच मरून जावंसं वाटलं. खरंच सांगते, नऊ वर्षांच्या पोरीला तसं वाटू शकतं.

"हरकत हाय, साहेब."

दाराशी मामा उभे होते. सगळं कोर्ट वळलं. बेलिफाने कोर्टात हरकत घ्यायची म्हणजे काय, पट्टेवाल्याने निकाल देण्यासारखंच. जजसाहेबांचा चेहरा लाल झाला. "तुमचा काय संबंध? तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"कागदाच्या, साहेब. थे उत्तर लिहून हाय, दोन वर्साचं. दोन्ही गठ्ठे एकात एक लावा. तारीखवार."

जजसाहेब त्यांना हाकलतील असं मला वाटलं. पण त्यांनी चष्मा लावला. कागद एकात एक लावायला वेळ लागला. मग ते वाचू लागले, आधी मनात, मग मोठ्याने. "शनिवार, आईला सोडताना, सात मिनिटे. रविवार, वडिलांना सोडताना, आठ. शनिवार, आई, नऊ. रविवार, वडील, नऊ. शनिवार, आई, सहा, मुलीस ताप. रविवार, वडील, सात..." ते वाचतच राहिले. मायने बाचा गठ्ठा कधी पाहिला नव्हता, बाने मायचा नव्हता. माय पदर तोंडात धरून ऐकत होती. बा जमिनीकडे बघत होता.

शेवटचा कागद आला. "उजव्या मनगटावर पिंपळपानाचे गोंदण, ताजे, सूज आहे. आजीने करविले. कारण, या यादीतील ओळखीच्या खुणेचा रकाना. सदर रकाना छापील कागदात नाही. बेलिफाने स्वतःच्या मनाने वाढविला." जजसाहेबांनी वर पाहिलं. "हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंत."

"झालं तसं लिहलं, साहेब."

मला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

रविवार राहिले. दोघांच्या संमतीशिवाय मुलीच्या अंगावर काही करायचं नाही, असं ठरलं. मायने वकिलाला पुढे जा म्हणून सांगितलं नाही. आणि याद्या बंद. बेलिफ नको, मायबापांनी समोरासमोर उभं राहून मुलगी द्यायची-घ्यायची, असा हुकूम झाला. फक्त पुढच्या एका खेपेला मामांनी हजर राहून काम संपवायचं. निकाल मला हवा तसाच होता, तरी याद्या बंद हे ऐकून मला चुकल्यासारखं वाटलं.

त्या शेवटच्या रविवारी मामांनी ओळखीच्या खुणेच्या रकान्यावर पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या होत्या. बाने माझा हात त्यांच्या हातात दिला. पलीकडे माय हात पुढे करून उभी होती. दोघंही दोन वर्षांत पहिल्यांदाच एकमेकांपासून हाताभर अंतरावर. माझा पेन्सिलीवरचा राग गेला होता की नाही कोणास ठाऊक, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मायचा हात पुढेच होता. बस आली, गेली. मग मायच्या हातात माझा हात आला.

मामांनी बाकावर बसून यादी लिहिली, वाचली. शेवटच्या ओळीपाशी थांबले. "बाकी कारकुनी हाय," म्हणाले आणि घडी करून बाला दिली. मला म्हणाले, "गुंडी लावून घ्या, बाई."

पंधरा दिवसांनी मायने मला स्वतः बाच्या हातात दिलं. दोघंही अवघडून गेले होते. "हाताले ऊन लागू देऊ नका," माय म्हणाली. "हव," बा म्हणाला. बसमध्ये बाने ती घडी काढली.

"वाच वं."

मी वाचलं. येन्या दोन. रिबिनी लाल. हरकत मुलीची, वडिलांना सोडताना, आठ मिनिटे. खाली आणखी एक ओळ होती. ती मी मनात वाचली आणि थांबले.

"काय झालं? वाच ना."

"ताबा देताना हरकत, बेलिफाची. वेळ, दोन मिनिटे."

"कोनाची?"

"बेलिफाची."

बा थोड्या वेळाने म्हणाला, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. किन्हीराजा येईपर्यंत चारदा वाचलं.

पान अजून माझ्या मनगटावर आहे, हिरवं, जरा पसरट झालेलं. ते बघितलं की मला आजी आठवत नाही, मामा आठवतात. त्यांच्या कुठल्याच कागदात खोटं नव्हतं, असं कोर्टातली जुनी माणसं सांगायची. पण त्या एका ओळीतली दोन मिनिटं अंदाजे आहेत, हे मला माहीत आहे. त्या दिवशी माझी आठ मिनिटं मोजल्यावर त्यांनी घड्याळ पुन्हा काढलंच नव्हतं. एका हातात पिशवी होती, आणि दुसऱ्या हातात मी.